उष्ण देशीचे कासव, थंड देशीचे घर

महाराष्ट्रातील अनेक जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. बालाजी महाराजांच्या देऊळगाव राजात वाढलेल्या माणसाला कूर्मावताराची कथा निराळी सांगावी लागत नाही. दीर्घायुष्य आणि संयम यांचे प्रतीक म्हणून आपण कासवाकडे पाहतो. अलीकडे मात्र काही घरांत या प्रतीकाच्या जागी जिवंत कासव येऊ लागले आहे. मुले युरोपात किंवा कॅनडात स्थायिक झालेली असली, की तिकडच्या मुक्कामात नातवंडांच्या कासवाची देखभाल पुष्कळदा आजी-आजोबांकडे येते. मुले शाळेत, आईवडील कामावर आणि बाहेर बर्फ. अशा वेळी कासवाची आणि स्वतःची काळजी कशी घ्यावी, याचा हा विचार.

आधी कायदा

आपल्याकडील पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेले स्टार कासव घरात पाळणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर या कासवाचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, झाला आहे. दोषी ठरल्यास तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. ‘वीस नखांचे कासव घरात असले की पैसा येतो’ ही समजूत निराधार असून तिच्यापायी हजारो मुकी जनावरे पोत्यांत कोंबली जातात. असे कासव कोणाकडे असल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दुकानांत मिळणारे, कानाजवळ लाल पट्टा असलेले छोटे कासव अमेरिकेतील आहे आणि ते पाण्यात राहणारे आहे. ते मोठे झाले, की कंटाळून देवळाच्या कुंडात किंवा खडकपूर्णा धरणात सोडण्यात पुण्य नाही. ते स्थानिक कासवांचे अन्न आणि जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.

परदेशात कागदपत्रांसह पाळली जाणारी उष्ण प्रदेशातील भूचर कासवे म्हणजे प्रामुख्याने दक्षिण अमेरिकेतील लाल पायांचे कासव, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचे सुलकाटा आणि तेथील परवान्याने पैदास केलेले स्टार कासव.

थंडी म्हणजे झोप नव्हे

इंग्लंडमधील गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासकाच्या बागेत अठराव्या शतकात टिमथी नावाचे कासव होते. हिवाळा आला, की ते जमिनीत स्वतःला पुरून घेई आणि वसंतात बाहेर येई. ते भूमध्य समुद्राच्या परिसरातील जातीचे होते आणि त्या जातीला शीतनिद्रा ठाऊक असते. उष्ण प्रदेशातील वर सांगितलेल्या कासवांना ती ठाऊक नसते. घोटाळा होतो तो येथेच. थंड खोलीत निपचित पडलेले कासव पाहून ‘झोपले आहे, झोपू द्या’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात ते गारठलेले असते.

कासव स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. बाहेरची ऊब मिळाली, तरच त्याचे पचन चालते आणि रोगप्रतिकारशक्ती टिकते. ऊब नसेल, तर खाल्लेला पाला पोटातच कुजतो. नाकातून पाणी किंवा बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, अन्नावरची वासना जाणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखवावे.

उबेची मांडणी

सगळी खोली तापवण्याची गरज नसते आणि ते हिताचेही नाही. कासवाला ऊन आणि सावली यांतून निवड करता आली पाहिजे. म्हणून लाकडी, वरून झाकता येणाऱ्या प्रशस्त पेटीत एका टोकाला उबेचा दिवा लावतात. त्याच्या खाली सुमारे ३२ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश तापमान असावे. जातीनुसार यात थोडा फरक पडतो. रात्रीही तापमान २० अंशांच्या खाली जाऊ नये. त्यासाठी उजेड न देणारा चिनी मातीचा हीटर मिळतो. दिवसाचे बारा तास उजेड आणि रात्री काळोख हा क्रम मोडू नये.

तापमानाचा अंदाज हाताने करू नये. दोन्ही टोकांना तापमापक आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच. तळाशी माती व नारळाचा काथ्या यांचा जाड थर घालावा. लाल पायांचे कासव दमट रानातले आहे. घर तापवणाऱ्या यंत्रांमुळे हिवाळ्यात हवा कोरडी पडते, म्हणून त्याच्या पेटीतला थर ओलसर ठेवावा लागतो. फार कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांचे कवच उंचवट्यांचे होते आणि ते पुन्हा सपाट होत नाही.

काचेआडचे ऊन

हाडे आणि कवच यांसाठी कासवाला ‘ड’ जीवनसत्त्व लागते आणि ते त्वचेवर पडणाऱ्या अतिनील-ब किरणांपासून तयार होते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. त्यामुळे काचेआडून आलेल्या उन्हात कासवाला ऊब मिळते, पोषण मिळत नाही. त्यासाठी यूव्हीबीची खास नळी लावावी लागते. तिचा उजेड दिसत राहिला, तरी ते किरण हळूहळू क्षीण होतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर, साधारण सहा ते बारा महिन्यांनी, ती बदलावी.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. बंद खिडकीशी खुर्ची टाकून घेतलेले ऊन सुखद असते, पण त्यातून ‘ड’ जीवनसत्त्व फारसे तयार होत नाही. थंड देशात हिवाळा काढणाऱ्या ज्येष्ठांनी याविषयी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कासवाच्या दिव्याखाली बसणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे.

आहार आणि स्नान

पोळी, भात, दूध, बिस्किटे हे कासवाचे अन्न नाही. जास्वंदीची पाने-फुले, तुतीची पाने, काटे काढलेले निवडुंग, रानगवत आणि पालेभाज्या द्याव्यात. पालकाने कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो, म्हणून तो क्वचितच द्यावा. लाल पायांच्या कासवाला थोडी फळे चालतात; सुलकाटा आणि स्टार यांना ती बाधतात. उथळ थाळीत पाणी नेहमी असावे. पिल्लांना हनुवटीपर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवल्यास त्यांच्या शरीरातील पाणी टिकते.

वडीलधाऱ्यांनी जपायचे

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेत आणि कवचावरही साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. अमेरिकेत मुलांमधील अशा आजारांमुळेच १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पासष्टीपुढील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले आणि स्टेरॉइड किंवा कर्करोगावरील औषधे घेणारे रुग्ण यांना धोका अधिक असतो. म्हणून हे नियम पाळावेत:

– कासवाला, त्याच्या पेटीला किंवा भांड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.
– त्याची थाळी स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. स्नानाचा टब आणि ब्रश वेगळे ठेवावेत.
– ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर आणि देवघरात त्याला फिरू देऊ नये.
– दिव्याच्या वायरी येण्याजाण्याच्या वाटेवर नसाव्यात. त्यांत पाय अडकून पडणे वृद्धांना महागात पडते.
– दिवा पक्का बसवावा आणि त्याच्याजवळ कापड किंवा कागद ठेवू नये.
– ताप, जुलाब, पोटात मुरडा असल्यास डॉक्टरांना घरात कासव आहे हे आवर्जून सांगावे.

सुलकाटाचे वजन प्रौढपणी चाळीस किलोंच्याही पुढे जाते. गुडघे-कंबर दुखत असलेल्या व्यक्तीने ते उचलण्याचा प्रयत्नही करू नये.

जोनाथनची शुश्रूषा

अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन हे कासव १८८२ साली सेशेल्सहून आणले, तेव्हाच पूर्ण वाढलेले होते; त्यामुळे त्याचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. म्हातारपणी मोतीबिंदूने त्याची दृष्टी गेली, वासही येईनासा झाला. चरताना गवत सापडेना आणि ते खंगू लागले. तेव्हा तेथील पशुवैद्यांनी आठवड्यातून एकदा फळे व भाज्या हाताने भरवण्यास सुरुवात केली आणि त्याची प्रकृती सुधारली. ज्यांनी घरातील वृद्धांना घास भरवला आहे, त्यांना यातले मर्म समजेल. निश्चित वेळ, ओळखीचा आवाज आणि घाई नसलेला हात एवढ्यानेही बरेच साधते.

आणि आपल्यानंतर?

उष्ण प्रदेशातील कासव पन्नास वर्षे सहज जगू शकते. सत्तरीतील आजोबांनी नातवाला आज आणून दिलेले पिल्लू त्या नातवाच्या उतारवयापर्यंत सोबत करील. म्हणून ते घरात आणण्याआधीच कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे: विजेचा खर्च कोण करील, घर बदलले तर ते कोठे जाईल, आजी-आजोबा परत गावी आल्यावर रोज सकाळी त्याच्याकडे कोण पाहील? दिवे, तापमान, आहार आणि पशुवैद्याचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर कासव आणू नये.