एसीतला ‘गॅस’ : थंडावा घरात, ताप हवेत

मार्च संपत आला की शहरांतील एसी दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांना उसंत मिळेनाशी होते. हिवाळाभर बंद असलेले यंत्र सुरू केले जाते, खोली पूर्वीसारखी गार होत नाही, तंत्रज्ञ येतो, मीटर लावतो आणि ‘गॅस कमी झालाय, भरावा लागेल’ असे सांगतो. गॅस भरला जातो, खोली गार होते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत विषय मिटतो. हा गॅस म्हणजे नेमके काय आणि कमी झालेला गॅस गेला कुठे, हे प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

वास्तविक वातानुकूलन यंत्रातील हा वायू पूर्णपणे बंदिस्त नळ्यांमधून फिरत असतो. मोटारीतील पेट्रोलप्रमाणे तो वापराने संपत नाही. तो कमी झाला याचा अर्थ एकच, कुठल्या तरी सांध्यातून तो गळाला आणि हवेत गेला. हवेत गेलेला असा किलोभर वायू दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरून ठेवू शकतो. म्हणूनच एसीत कोणता वायू असावा हा प्रश्न आता केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

उष्णतेचा हमाल

एसी थंडावा ‘निर्माण’ करीत नाही, तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. हे हमालीचे काम करणाऱ्या द्रव्याला रेफ्रिजरंट अर्थात प्रशीतक म्हणतात. खोलीतील भागात कमी दाबाखाली त्याची वाफ होते आणि ती होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. बाहेरच्या भागात कॉम्प्रेसर त्याला दाबतो, ते तापते, उष्णता बाहेरच्या हवेला देते आणि पुन्हा द्रवरूप होते. हीच क्रिया उलट दिशेने चालवली की बाहेरची उष्णता घरात आणता येते. थंड देशांत घरे तापवणारे आणि आपल्याकडे काही हॉटेलांत व वसतिगृहांत पाणी तापवणारे ‘हीट पंप’ याच तत्त्वावर चालतात.

या कामासाठी सुरुवातीला वापरली गेलेली द्रव्ये धोकादायक होती. अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड हे तिन्ही विषारी. घरातल्या शीतकपाटातून गळती झाली तर जिवावर बेतत असे. १९२८ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस मिजली व सहकाऱ्यांनी क्लोरोफ्ल्युरोकार्बन म्हणजे सीएफसी हा पर्याय शोधला. हा वायू विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही, हे पटवण्यासाठी मिजली यांनी १९३० मध्ये तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. घरात निर्धोक ठरलेला हाच वायू आकाशात घातक ठरतो, हे कळायला चार दशके जावी लागली. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी सीएफसीमुळे ओझोनचा थर विरळ होण्याचा धोका मांडला. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनच्या ‘छिद्रा’चा शोध जाहीर झाला आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला.

एक संकट टळले, दुसरे उरले

सीएफसीच्या जागी प्रथम एचसीएफसी गटातील वायू आले. घरगुती एसीत दीर्घकाळ वापरला गेलेला आर-२२ हा त्यातलाच. तो ओझोनला कमी, पण हानिकारक होताच. नंतर एचएफसी गटातील आर-४१०ए आला. त्यात क्लोरीन नसल्याने ओझोनला धक्का लागत नाही. मात्र उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत हे वायू फार ‘समर्थ’ निघाले.

ही क्षमता मोजण्यासाठी तापमानवाढ क्षमता हा निर्देशांक वापरतात. कार्बन डायऑक्साइडची क्षमता १ धरून, तेवढ्याच वजनाचा दुसरा वायू शंभर वर्षांत त्याच्या किती पट उष्णता अडवतो, हे त्यातून कळते. आंतरराष्ट्रीय करारात वापरल्या जाणाऱ्या आकडेवारीनुसार आर-२२ ची क्षमता १८१०, आर-४१०ए ची २०८८, आर-३२ ची ६७५, तर आर-२९० ची अवघी ३ च्या आसपास आहे.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडाची राजधानी किगाली येथे माँट्रियल करारात दुरुस्ती करून एचएफसी वायूही टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले. त्याची अंमलबजावणी नीट झाली तर या शतकाच्या अखेरीस ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस एवढी तापमानवाढ टळेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या शास्त्रीय आढाव्याचा अंदाज आहे. भारताने २०२१ मध्ये या दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानुसार २०२४ ते २०२६ या वर्षांतील वापर आधारभूत मानून २०२८ मध्ये तो गोठवायचा, २०३२ मध्ये १० टक्के, २०३७ मध्ये २० टक्के, २०४२ मध्ये ३० टक्के आणि २०४७ मध्ये ८५ टक्के कमी करायचा आहे. आर-२२ सारखे एचसीएफसी वायू वापरून नवी यंत्रे बनवणे देशात २०२४ अखेर थांबले. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी मात्र हा वायू अजून मिळतो.

पर्याय कोणते?

पहिला पर्याय आर-३२. जपानमध्ये २०१२ मध्ये आणि पाठोपाठ भारतात हा वायू भरलेले एसी आले आणि आज नव्या घरगुती यंत्रांत तोच सर्रास आढळतो. त्याची क्षमता आर-४१०ए च्या एक तृतीयांश आहे आणि तेवढ्याच थंडाव्यासाठी तो कमी लागतो. तो सौम्य ज्वालाग्राही आहे. सहज पेटत नाही आणि पेटलाच तर ज्योत मंद गतीने पसरते. मात्र जळताना त्यातून हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू निर्माण होऊ शकतो. शिवाय ६७५ हा आकडा आधीच्या वायूच्या तुलनेत लहान असला, तरी मुळात लहान नाही.

दुसरा पर्याय आर-२९०. हा शुद्ध प्रोपेन असून आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायूचा एक घटक आहे. जर्मन सहकार्याने गोदरेजने २०१२ मध्ये या वायूवर चालणारे घरगुती एसी भारतीय बाजारात आणले. आपल्या हवामानाला तो मानवतो. प्रत्येक वायूचे एक कमाल तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रवरूप होत नाही. आर-४१०ए साठी ही मर्यादा ७१-७२ अंश सेल्सिअस आहे, तर प्रोपेनसाठी ९६ अंशांहून अधिक. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते तेव्हा यंत्राच्या बाहेरच्या भागातील वायू त्याहून बराच अधिक तापलेला असतो. मर्यादा जितकी जवळ, तितकी यंत्राची दमछाक अधिक. म्हणून ऐन गरजेच्या दिवसांत आर-४१०ए ची कार्यक्षमता घसरते. प्रोपेन मात्र तग धरतो.

तिसरा पर्याय एचएफओ गटातील वायूंचा. त्यांची तापमानवाढ क्षमता नगण्य असते. मोटारींच्या एसीत आर-१२३४वायएफ हा वायू परदेशात मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. तथापि, हवेत त्याचे विघटन झाल्यावर ट्रायफ्ल्युरोॲसिटिक आम्ल तयार होते. ते पावसावाटे पाण्यात उतरते आणि निसर्गात सहज नष्ट होत नाही. अशा चिवट रसायनांच्या संपूर्ण गटावर निर्बंध घालण्याचा प्रस्ताव जर्मनीसह पाच युरोपीय देशांनी २०२३ मध्ये मांडला. एका प्रश्नाचे उत्तर दुसरा प्रश्न जन्माला घालते, हा सीएफसीचा अनुभव येथे आठवावा.

उरले दोन जुने वायू. अमोनिया आजही कोकणातील मासळीसाठी बर्फ बनवणाऱ्या कारखान्यांत वापरला जातो. पण विषारी असल्याने घरात त्याला स्थान नाही. कार्बन डायऑक्साइड निर्धोक आहे, परंतु त्याची कमाल मर्यादा अवघी ३१ अंश असल्याने उष्ण प्रदेशात खोली गार करण्यासाठी तो फारसा कार्यक्षम ठरत नाही. पाणी तापवण्यासाठी मात्र तो उत्तम. जपानमध्ये २००१ पासून असे हीट पंप घराघरांत पोहोचले आहेत. युरोपात घरे तापवणाऱ्या हीट पंपांसाठी प्रोपेनचा वापर वाढत आहे. तेथे यंत्राचा वायू असलेला सारा भाग घराबाहेर ठेवून आत केवळ गरम पाण्याच्या नळ्या आणता येतात. त्यामुळे ज्वालाग्राहीपणाचा प्रश्न पुष्कळसा सुटतो. आपल्याकडील स्प्लिट एसीत मात्र वायू खोलीतल्या भागातही फिरतो. त्यामुळे तीच युक्ती येथे जशीच्या तशी लागू पडत नाही.

हिशेब काय सांगतो?

सर्वांत लहान आकड्याचा वायू निवडला की काम झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण विजेचा हिशेब मांडल्याशिवाय निवड पूर्ण होत नाही. उदाहरणादाखल दीड टनाचा, वर्षाला ८०० युनिट वीज घेणारा एसी घेऊ. आपल्याकडे बहुतांश वीज कोळशापासून होत असल्याने एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला ५६० किलो.

आता या यंत्रात एक किलो आर-४१०ए असेल आणि तो सारा गळला, तर २०८८ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळच्या विजेएवढे. त्याऐवजी ८०० ग्रॅम आर-३२ गळला तर ५४० किलो, म्हणजे जवळपास एका वर्षाच्या विजेएवढे. आणि ३०० ग्रॅम प्रोपेन गळला तर जेमतेम एक किलो, म्हणजे दीड युनिटही नाही.

दुसरीकडे, याच आकाराचे कमी तारांकित यंत्र वर्षाला १००० युनिट घेत असेल, तर दहा वर्षांत विजेमुळे होणारे उत्सर्जन १४०० किलोंनी वाढते. ते आर-३२ च्या दोन संपूर्ण गळत्यांपेक्षा अधिक आहे. या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. आर-४१०ए आणि आर-३२ यांत निवड करायची असेल, तर वायूचा फरक मोठा आहे. परंतु आर-३२ आणि प्रोपेन यांत निवड करताना प्रोपेनचे यंत्र कार्यक्षमतेतही तुल्यबळ असले पाहिजे. अन्यथा वायूत वाचवलेले विजेत गमावले जाते. त्यातच वायू कमी झालेले यंत्र तेवढ्याच थंडाव्यासाठी अधिक वेळ चालते. म्हणून गळती दुहेरी नुकसान करते.

ज्वालाग्राही म्हणून नको?

प्रोपेनविषयीची भीती निराधार नाही, पण ती प्रमाणात पाहायला हवी. स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो, तर घरगुती एसीत तीन-चारशे ग्रॅम. नव्या शीतकपाटांत आयसोब्युटेन हा तसाच ज्वालाग्राही वायू असतो आणि तो शंभर ग्रॅमहूनही कमी असल्याने कुणाला जाणवतही नाही. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीत ३०० ग्रॅम प्रोपेन समप्रमाणात पसरला, तर तो पेट घेण्यासाठी लागणाऱ्या प्रमाणाच्या एक तृतीयांशाहून कमी भरतो. मात्र तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचू शकतो आणि सिलिंडरमधील वायूसारखा वास त्याला नसतो. म्हणूनच खोलीच्या क्षेत्रफळानुसार किती वायू चालेल याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत.

खरा धोका नियमानुसार बनवलेल्या यंत्रापेक्षा भलत्या यंत्रात तो भरण्यात आहे. प्रोपेनचा दाब आर-२२ शी मिळताजुळता असल्याने जुन्या एसीत तो ‘स्वस्त गॅस’ म्हणून भरण्याचा मोह होतो. पण त्या यंत्रातील विजेचे भाग ठिणगी टाळण्याच्या दृष्टीने बनवलेले नसतात. उलट आर-२२ च्या यंत्रात आर-४१०ए भरला, तर दीडपटीहून अधिक दाब त्या नळ्यांना सोसावा लागतो. ज्या यंत्रासाठी जो वायू ठरलेला आहे, तोच त्यात भरला पाहिजे. ‘पर्यायी वायू’ याचा अर्थ नव्या यंत्रातला वायू, जुन्या यंत्रात ओतण्याचा नव्हे.

निवड तंत्रज्ञाच्याही हाती

शेवटी कोणताही वायू किती निरुपद्रवी ठरेल, हे भिंतीला शिडी लावून काम करणाऱ्या तंत्रज्ञावर अवलंबून राहते. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते याच कारणासाठी. याच आराखड्यानुसार देशाची शीतकरणाची गरज २०१७-१८ च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत सुमारे आठपट होणार आहे. ज्वालाग्राही वायू हाताळणारा, तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या छज्जावर उभा असलेला हा कामगारच गळतीचा आणि आगीचा पहिला बळी ठरू शकतो, हेही विसरता कामा नये.

ग्राहकाच्या हाती असलेल्या गोष्टी साध्या आहेत. खरेदी करताना तारांकनाबरोबरच यंत्रावरील पट्टीवर वायूचे नाव आणि वजन वाचावे. दोन्ही तेथे छापलेले असते. खोलीच्या आकाराला साजेसेच यंत्र घ्यावे. बसवताना नळ्यांतील हवा व्हॅक्यूम पंपाने काढली जाते की वायू सोडून ‘धुतली’ जाते, याकडे लक्ष द्यावे. ‘गॅस भरावा लागेल’ असे ऐकल्यावर ‘गळती कुठे आहे?’ असे विचारावे आणि ती बुजवल्याशिवाय गॅस भरू देऊ नये. जुना एसी भंगारात देताना नळी कापून वायू हवेत सोडला जातो, तेव्हा तो अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.

सीएफसीचा वापर थांबवल्याने अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. जगाने ठरवले तर हवेतील चूक दुरुस्त करता येते, याचा हा पुरावा आहे. आताची दुरुस्ती मात्र केवळ कारखान्यांत होणारी नाही. पुढच्या मार्चमध्ये तंत्रज्ञ दारात उभा राहील, तेव्हा तिचा एक लहानसा भाग प्रत्येक घरात ठरणार आहे.