रंग खाणारे जीवाणू

नवे लाल कापड पहिल्यांदा भिजत घातले की बादलीतले पाणी लाल होते. धाग्याला न चिकटलेला रंग पाण्यात उतरतो. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीत हेच मोठ्या प्रमाणावर घडते आणि पंचगंगेच्या प्रदूषणात अशा सांडपाण्याचाही वाटा असतो.

कापडाचे रंग मुद्दाम टिकाऊ केलेले असतात. उन्हाने विटू नयेत, साबणाने जाऊ नयेत हा त्यांचा गुण. नदीच्या दृष्टीने तोच दोष. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात काम केलेले जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. संजय गोविंदवार यांच्या संशोधनाचा मोठा भाग या चिवट रंगांचे विघटन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर आणि वनस्पतींवर आहे.

अनेक कापड-रंगांच्या रेणूत नायट्रोजनच्या दोन अणूंची जोडी असते. रेल्वेच्या दोन डब्यांमधल्या कपलिंगसारखी ती रेणूचे भाग जोडून धरते, आणि रंग दिसतो तोही तिच्यामुळेच. प्राणवायू कमी असताना काही जीवाणूंची विकरे ही कपलिंग तोडतात. पाणी निवळते, पण काम अर्धेच झालेले असते. सुटे झालेले डबे बिनरंगी असले तरी कधी कधी मूळ रंगाहून विषारी असतात. त्यांचा फडशा पाडायला बहुधा प्राणवायूवर जगणारे जीवाणू लागतात. म्हणूनच एकट्यादुकट्या जातीपेक्षा मिश्र समुदाय सहसा सरस ठरतो: एकाचे उष्टे, दुसऱ्याचे जेवण.

गोविंदवार आणि सहकाऱ्यांनी झेंडूच्या मुळांकडूनही रंग तोडून घेतला. प्रक्रिया झालेले पाणी खरेच निर्धोक आहे का, याची एक चाचणी अगदी घरगुती वाटेल अशी आहे. त्या पाण्यात ज्वारीसारखे बी भिजवायचे आणि मोड किती फुटले, मुळे किती वाढली ते मोजायचे.