एकालाच ऐकण्याची कळ

श्रोतेहो, व्याख्यानाला किंवा नाट्यसंगीताच्या मैफलीला आपण येता तेव्हा आपले सारे लक्ष व्यासपीठाकडे असते, आणि ते तसेच असावे. परंतु शेवटच्या रांगेमागे, कानांवर हेडफोन चढवून, एक माणूस मिक्सरपाशी बसलेला असतो. तो मधूनच एक कळ दाबतो, क्षणभर डोळे मिटून ऐकतो आणि ती सोडून देतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ही कळ म्हणजे ‘सोलो’. तिचे कार्य काय आणि तिच्यात धोका कोणता, एवढाच आमचा आजचा विषय आहे.

एके काळी या कळेची गरजच नव्हती. बोलपटांच्या आरंभीच्या काळात गायक आणि वादक एक-दोन मायक्रोफोनांभोवती जमत. कोणाचा आवाज मोठा, कोणाचा लहान, हे माणसांना पुढेमागे बसवून ठरे. आपल्या उपनगरातच, मालाडला, १९३४ साली बॉम्बे टॉकीज ही संस्था उभी राहिली. तिच्या १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या आरंभी आवाज दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता. तेव्हा लता मंगेशकर दूर उभ्या राहून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, ही हकीकत त्यांनीच सांगितलेली आहे. आवाजाचे लहानमोठेपण तिथे पावलांनी साधले गेले!

आज एका संगीत नाटकाला पंधरा-वीस मायक्रोफोन सहज लागतात. नटांच्या कपाळाशी चिकटवलेले, ऑर्गनचा, तबल्याचा, डग्ग्याचा. प्रत्येकाचा आवाज मिक्सरमध्ये स्वतंत्र वाटेने येतो. या वाटेला चॅनेल म्हणतात. वाटेच्या शेवटी फेडर नावाची सरकपट्टी असते. ती वर सरकवली की आवाज वाढतो, खाली ओढली की मिटतो. पुढे साऱ्या वाटा एकत्र होतात आणि ती बेरीज सभागृहाच्या कर्ण्यांतून आपल्या कानी पडते.

आता समजा, या बेरजेत कुठून तरी ‘घूंऽ’ असा आवाज येऊ लागला. वीस वाटांपैकी दोषी कोणती? बेरीज ऐकून हे कळत नाही. म्हणून एकेका चॅनेलची सोलो कळ दाबावी लागते. त्या चॅनेलचा आवाज तेवढा हेडफोनात येतो, आणि सभागृहात मात्र सारे पूर्ववत चालू राहते.

डिजिटल मिक्सरमध्ये हे कसे घडते? तेथे आवाज सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा मोजला जातो आणि त्याचे आकडे होतात. फेडर म्हणजे त्या आकड्यांना गुणणारी संख्या. सर्व गुणाकारांची बेरीज कर्ण्यांकडे जाते. सोलो दाबताच यंत्र दुसरी, निराळी बेरीज मांडते. तिच्यात फक्त निवडलेले चॅनेल असते आणि ती हेडफोनांकडेच जाते. पहिल्या बेरजेला धक्का लागत नाही.

या ऐकण्याचे प्रकार तीन. पहिल्यात आवाज फेडरच्या आधीच उचलला जातो. स्वयंपाकघरात पातेल्यातली आमटी पळीवर घेऊन चाखावी, तसे हे. फेडर खाली असला तरी ऐकू येते, म्हणून नट रंगमंचावर येण्यापूर्वीच त्याचा मायक्रोफोन तपासता येतो. दुसऱ्यात फेडरच्या नंतरचा आवाज मिळतो, म्हणजे वाटीत जेवढी वाढली तेवढीच आमटी. तिसरा प्रकार मात्र निराळा. त्यात दुसरी बेरीज नसतेच. मूळ बेरजेतल्याच बाकी सर्व चॅनेलांना शून्याने गुणले जाते. एकाची चव पाहण्यासाठी पंगतीच्या ताटांतले बाकीचे सारे पदार्थ उचलून न्यावेत, तसा हा प्रकार! रिकाम्या सभागृहात, तालमीच्या वेळी, तो फार उपयोगी पडतो. परंतु तिन्ही प्रकारांना कळ तीच असते. कोणता प्रकार चालू आहे हे दुसरीकडे, पडद्यावर ठरवलेले असते. खरा धोका येथे आहे.

उपनगरातल्या एका सभागृहात आम्ही तो पाहिला. एक वयोवृद्ध गायिका नाट्यपद गात होत्या. दुपारच्या तपासणीत तिसरा प्रकार लावलेला होता, तो बदलायचे राहून गेले. मध्येच तबल्यात खरखर वाटली, म्हणून ध्वनियोजकाने सोलो दाबली. क्षणात गाणे आणि ऑर्गन नाहीसे झाले. भरल्या सभागृहात नुसता तबला घुमू लागला. बाईंचा हात गळ्याकडे गेला. दोन-तीन सेकंदांत कळ सुटली, परंतु तान तुटली ती तुटलीच. कार्यक्रमानंतर त्यांनी हळूच विचारले, “माझंच काही चुकलं का हो?” त्या प्रश्नाला यंत्राजवळ उत्तर नव्हते.

म्हणून जाणता माणूस श्रोते येण्यापूर्वीच तो तिसरा प्रकार बंद करतो. काही मिक्सरांवर त्याला कुलूपही घालता येते. आणखी एक व्यवधान त्याला राखावे लागते. सतरा मीटर अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो, पण हेडफोनात तो जवळजवळ तत्काळ पोहोचतो. दोन्ही एकदम कानी पडले तर घोटाळा होतो. यासाठी अनेक डिजिटल मिक्सरांवर हेडफोनातला आवाज तेवढाच मागे रेटण्याची सोय केलेली असते.

एकाचे नीट ऐकून घेण्यासाठी इतरांचा आवाज बंद करावा लागत नाही, हे या कळेचे खरे मर्म. पुढच्या वेळी सभागृहातून बाहेर पडताना शेवटच्या रांगेमागच्या त्या माणसाकडे एकदा पाहावे. आपल्याला त्याची आठवण झाली नाही, याचाच अर्थ त्याचे काम चोख झाले.