परसातील लाकडी खोपी : पाया उंच, तर आयुष्य मोठे

पनवेल : कुदळ, फावडी आणि खताची पोती ठेवण्यासाठी परसात छोटी लाकडी खोपी स्वतः उभारता येते. मात्र, रायगड जिल्ह्यात वर्षाला सुमारे ३ हजार मिलिमीटर पाऊस पडतो, हे ध्यानात घेऊनच तिचा आराखडा करावा. लाकडातील ओलावा २० टक्क्यांहून अधिक काळ टिकला, की त्याला बुरशी लागून कूज सुरू होते. म्हणून खांब थेट जमिनीत पुरू नयेत. फूटभर उंच काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ते लोखंडी पट्ट्यांनी जखडावेत. त्यामुळे खालून वारा खेळतो आणि वाळवीने वर चढण्यासाठी केलेल्या मातीच्या नळ्या वेळीच दिसतात.

छप्पर उतरते असावे आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढे पुढे काढावे. सांगाड्यासाठी साग किंवा ऐन उत्तम. उन्हाळ्यात ठोकलेल्या फळ्या पावसात फुगतात. त्यामुळे दोन फळ्यांमध्ये फट सोडून ती बाहेरून पट्टीने झाकावी. खिळे जस्त चढविलेले वापरावेत.

शहरी हद्दीत स्वतःच्या आवारातील झाडही १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार परवानगीविना तोडता येत नाही. म्हणून लाकूड वखारीतून पावतीसह घ्यावे. काम सुरू करण्यापूर्वी महापालिका किंवा ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीची चौकशी करणे हिताचे ठरेल.