सर्वसाक्षी देव आणि प्रामाणिक जीवन: ख्रिस्ती विचाराची ओळख

देव सर्व काही पाहतो या ख्रिस्ती श्रद्धेचा रोजच्या वागण्याशी काय संबंध आहे, हे आपण या पाठात समजून घेणार आहोत. ही श्रद्धा म्हणजे केवळ शिक्षेची भीती, असा समज बराच आढळतो. तो कितपत बरोबर आहे, हे आपण बायबलमधील काही उताऱ्यांच्या आणि पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रातील दोन प्रसंगांच्या आधारे तपासू.

१. प्रश्न काय आहे?

कोलकात्यातील एस्प्लनेड हा अत्यंत गर्दीचा भाग आहे. मेट्रोतून आणि बसमधून उतरणारी माणसे, फेरीवाले, खरेदीला आलेली कुटुंबे अशी तिथे सतत वर्दळ असते. जवळच टिपू सुलतान मशीद आहे आणि धर्मतल्ल्यात १८३४ मध्ये बांधलेले सेक्रेड हार्ट चर्चही आहे. अशा गर्दीत तुम्हाला अनेक डोळे पाहतात, पण ओळखत कोणीच नाही. समजा, फेरीवाल्याने चुकून पन्नास रुपये जास्त परत दिले. ते खिशात घातले तर कोणाला कळणार? उलट, ओळखीची चार माणसे सोबत असतील तर तेच पैसे आपण लगेच परत करू आणि केल्याचे सांगूही. माणसे पाहत असताना एक वागणे आणि नसताना दुसरे, या दुहेरीपणावर ख्रिस्ती नीतिविचार बोट ठेवतो.

२. बायबलमधील आधार

(अ) उत्पत्ती, अध्याय १६: छळामुळे पळालेली गरोदर दासी हागार रानात एकटी असते. तिथे देव तिची दखल घेतो आणि ती त्याला ‘पाहणारा देव’ अशा अर्थाचे नाव देते. इथे पाहणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे, तर विचारपूस करणे.

(आ) स्तोत्र १३९: देवापासून लपायला जागाच नाही, असे कवी म्हणतो. पण शेवटी तो पळ काढत नाही. माझे मन तपासून पाहा, अशी विनंती तोच देवाला करतो.

(इ) मत्तय, अध्याय ६: लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्यांवर येशू टीका करतो आणि खोलीचे दार लावून प्रार्थना करायला सांगतो. तिथे ‘ढोंगी’ या अर्थाने आलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘नट’ असा आहे. ढोंगी मनुष्य प्रेक्षकांसाठी जगतो.

३. कोलकाता, १८७८

रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास १८७८ मध्ये कोलकात्यात आले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरव केला. याच शहरात ही भावंडे एका ख्रिस्ती मेळाव्याला गेली. लोक खुर्च्यांसमोर गुडघे टेकून, डोळे मिटून काही पुटपुटताना त्यांनी पाहिले. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे त्यांना वाटले, अशी आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली. बाहेरून फक्त कृती दिसते, त्यामागचे मन दिसत नाही, याचा हा बोलका नमुना आहे.

४. पुणे, १८९३

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखायची, असे ठरले होते. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करत, मात्र दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. त्यावरून मोठा वाद झाला, ‘केसरी’ने कठोर टीका केली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुलींना घरी नेले. दार बंद केले असते तर वाद कदाचित टळला असता. पण आपली श्रद्धा लपवून ठेवायला रमाबाई तयार नव्हत्या.

५. बंद दार की उघडे दार?

येशू दार लावायला सांगतो आणि रमाबाई ते उघडे ठेवतात. हा विरोध आहे का? हेतू पाहिला तर नाही. दार लावायचे ते दिखावा टाळण्यासाठी आणि उघडे ठेवायचे ते लपवाछपवी टाळण्यासाठी. दोन्हीकडे माणसांच्या नजरेनुसार वागणे बदलत नाही.

मात्र टीकाकारांचा मुद्दाही गंभीर आहे. आश्रयाला आलेली मुलगी संस्थाचालिकेच्या प्रार्थनेला बसते, तेव्हा ते पूर्णपणे तिच्या इच्छेने असते का? उघड्या दारातून वागणे दिसते, पण हेतू आणि प्रभाव दिसत नाही. माणूस स्वतःचीही फसवणूक करू शकतो. म्हणूनच १३९ व्या स्तोत्रातील ‘मला तपास’ ही विनंती महत्त्वाची ठरते. लोकांपासून काही लपवले नाही, एवढ्याने प्रामाणिकपणा पूर्ण होत नाही.

६. एक आक्षेप

अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथमने ‘पॅनॉप्टिकॉन’ या तुरुंगाची कल्पना मांडली. तिथे पहारेकरी दिसत नाही, म्हणून कैदी सदैव धाकात राहतो. देवाची नजरही अशीच नाही का? भीती हीच प्रेरणा असेल, तर आक्षेप योग्यच आहे. परंतु पहारेकऱ्याला कैद्याचे फक्त वागणे हवे असते. ख्रिस्ती शिकवणीतला देव सर्व जाणून क्षमा करू इच्छितो, त्यामुळे माणसाला मुखवटा काढता येतो. कॅथलिक चर्चमधील पापनिवेदनामागे हीच धारणा आहे. धर्मगुरूला ऐकलेले गुप्त ठेवावेच लागते. पण कबुली दिली की सगळे संपत नाही. लूक, अध्याय १९ मधील जकातदार जक्कय लुबाडलेल्यांना चौपट परत करण्याचे ठरवतो. देवासमोरचा प्रामाणिकपणा अखेर त्या फेरीवाल्याच्या पन्नास रुपयांपर्यंत पोहोचावा लागतो.

स्वाध्याय

१. पाळत ठेवणे आणि दखल घेणे यांतील फरक हागारच्या कथेच्या आधारे स्पष्ट करा.
२. १८९३ च्या वादात रमाबाई आणि त्यांचे टीकाकार या दोघांच्या बाजू मांडा आणि तुमचे मत कारणांसह लिहा.
३. देव न मानणाऱ्या व्यक्तीला, कोणी पाहत नसताना प्रामाणिक राहण्यासाठी कोणता आधार असू शकतो? चर्चा करा.