बोअरचा खटका पडला तर



हरभऱ्याला पाणी चालू आहे. मालक सेनगावला बाजाराला गेलेत. मधेच पाइपाची धार तुटते. पेटी उघडून पाहावं तर खटका पडलेला. आपण काय करतो? वर करतो. पडला, पुन्हा वर करतो. आज या सवयीबद्दलच बोलायचं आहे.

खटका म्हणजे एमसीबी. वायरमधून नको तेवढा करंट जायला लागला की तो पडतो. तो आपल्या मोटारीचा राखण्या कुत्रा आहे. कुत्रा भुंकला तर आपण चोर बघतो, कुत्र्याचं तोंड बांधत नाही.

चोर बहुतेक वेळा ओळखीचेच असतात. एक फेज गेला की उरलेल्या दोन फेजवर सगळा भार येतो, मोटार नुसती घुमते आणि तापते. व्होल्टेज कमी असलं तरी तेच. कधी बोअरमधल्या केबलच्या जॉइंटमध्ये पाणी शिरतं, कधी गाळाने पंप अडकतो, तर कधी पेटीत पाल नाहीतर उंदीर शिरतो.

म्हणून हात लावायच्या आधी डोळ्यांनी बघा, नाकाने वास घ्या. जळका वास, धूर, काळे डाग, पेटीत ओल, सोललेली वायर, यातलं काही दिसलं किंवा पेटीला पूर्वी कधी झिणझिण्या आल्या असतील, तर हात लावूच नका. थेट वायरमनला बोलवा.

सगळं ठीक दिसलं तरी घाई नको. हात कोरडे करा, कोरडी रबरी चप्पल घाला, कोरड्या लाकडी फळीवर उभ्या राहा. ओल्या सरीत उभं राहून पेटीला हात लावायचा नाही. अंधार असेल तर बॅटरी घेऊन कुणाला तरी सोबत न्या. आधी स्टार्टरचं लाल बटण दाबा, ऑटो स्विच बंद करा. मग दहा मिनिटं थांबा. तापलेला स्टार्टर थंड होऊ द्या. नंतर बाजूला उभं राहून, एकाच हाताने खटका आधी पूर्ण खाली दाबा आणि मग वर करा. अर्धवट अडकलेला खटका नुसता वर ढकलून बसत नाही.

स्टार्टर बंद असतानाच खटका पडला, तर दोष पेटीत किंवा वायरीत. टिकला, तर तिन्ही फेजचे दिवे बघा आणि मगच हिरवं बटण दाबा. मोटार चालू करताच पडला, तर दोष केबलमध्ये किंवा मोटारीत असू शकतो. वायरमनला एवढं सांगितलं तरी त्याचा अर्धा वेळ वाचतो.

पण एकदाच! दुसऱ्यांदा पडला की हात मागे. स्टार्टरच्या बटणात काडी खोचणं, खटका दोरीने बांधणं, फ्यूजला जाड तार घालणं, यातून मोटार जळते, कधी आग लागते. डीपीवर तर कुणीही चढायचं नाही, घरच्या माणसांनाही चढू देऊ नका. ते लाईनमनचं काम. महावितरणचा नंबर १९१२.

आणखी एक. खटका मोटारीला वाचवतो, आपल्याला नाही. तो कितीतरी अँपिअरवर पडतो; माणसाचा जीव एका अँपिअरच्या दहाव्या हिश्शातही जाऊ शकतो. माणसासाठी वेगळा खटका असतो, आर.सी.सी.बी., ३० मिलीअँपिअरचा. तो आणि चांगलं अर्थिंग, दोन्ही वायरमनकडून बसवून घ्या. गटाच्या बैठकीत विषय काढा, पावसाळ्याआधी सगळ्यांच्या पेट्या एकदा तपासून घ्या.

कुणाला शॉक लागलाच, तर धावत जाऊन हात धरू नका. आधी मेन बंद करा. ते जमलं नाही तर कोरड्या लाकडाने वायर दूर सारा आणि १०८ ला फोन करा.

पाण्याची एक पाळी चुकली तर उद्या देता येते. मोटार जळली तर पुन्हा भरता येते, खर्च होतो इतकंच. पेटीपाशी गेलेली बाई मात्र घरी परत आलीच पाहिजे. खटका वर करण्याआधी एवढं आठवा.