काढलेले मूत्रपिंड काय सांगते?

गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याच्या माझ्या मामांचे डावे मूत्रपिंड शस्त्रक्रिया करून काढावे लागले. ते तपासणीसाठी पाठवले, तेव्हा मामींनी विचारले, "काढून टाकलेल्या वस्तूची आता कसली तपासणी?" या प्रश्नाचे मला मिळालेले उत्तर विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मूत्रपिंडाचे वजन साधारण १५० ग्रॅम. प्रत्येकात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. एक निरोगी असेल तर दुसऱ्यावाचून माणूस जगू शकतो, हे जर्मन शल्यविशारद गुस्ताव सिमोन यांनी १८६९ साली हायडेलबर्ग येथे शस्त्रक्रियेने सिद्ध केले.

काढलेले मूत्रपिंड फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. नंतर ते चिरून, निवडक तुकडे मेणात बसवून त्यांचे केसाहूनही पातळ काप घेतात आणि रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कर्करोग असल्यास तो कोणत्या प्रकारचा व किती पसरलेला, हे यावरून कळते. क्षयाच्या खुणा दिसल्या तर क्षयाची औषधे द्यावी लागतात. आपल्या देशात कर्करोगाखेरीज अन्य कारणांनी काढलेल्या मूत्रपिंडांत मुतखडा आणि त्यातून आलेला जुनाट दाह वारंवार आढळतो.

मामांचेही तेच झाले. खडा मूत्रवाहिनीत अडकला, लघवी तुंबली, मूत्रपिंड फुगत गेले व आतला गर झिजून पातळ झाला. गाळण्यांच्या जागी निव्वळ व्रण उरले होते. काही नलिकांत गुलाबी पदार्थ साचून तो भाग थेट थायरॉइड ग्रंथीसारखा दिसत होता, असे डॉक्टरांनी समजावले. कर्करोग नाही, क्षय नाही, हे वाचून मामींचा जीव भांड्यात पडला. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले.

मला मात्र एक गोष्ट सलते. दोन वर्षांपूर्वी मामांच्या कळा अचानक थांबल्या होत्या. कुळथाच्या कढणाने खडा पडला, असे समजून आम्ही सारे निश्चिंत झालो. वास्तविक अडथळा जुना झाला की कळ कमी होऊ शकते. नुकसान मात्र चालूच राहते. तेव्हा सोनोग्राफी केली असती, तर कदाचित मूत्रपिंड वाचले असते.

खानदेशचा उन्हाळा, शेतातील घाम आणि कमी पाणी यांनी लघवी दाट होते व खड्याला वाव मिळतो. म्हणून भरपूर पाणी प्यावे, आणि कळ थांबली म्हणजे खडा गेला असे मानू नये. मामा आता पाण्याची बाटली घेतल्याशिवाय शेतात जात नाहीत. उरलेले एक जपायचे आहे.